एसटीची गावची फेरी का बंद होते? सवलतीचा पैसा, ट्रॅव्हल्सची स्पर्धा आणि ‘तोटा’ या शब्दाचा अर्थ

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने एसटी महामंडळाच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा १० हजार कोटींहून अधिक, हा त्यातला आकडा दोन दिवस सगळीकडे फिरला. मग नेहमीचे दोन निष्कर्ष आले. एक गट म्हणाला, बायकांना अर्धे तिकीट आणि म्हाताऱ्यांना फुकट प्रवास दिल्याने एसटी बुडाली. दुसरा म्हणाला, सरकारला बस चालवता येत नाही, खासगीवाल्यांना द्या, आपोआप सुधारेल. दोन्ही मते आपल्या चळवळीतल्या शिकलेल्या मुलांच्या तोंडीही ऐकायला मिळतात, म्हणून हा लेख.

एसटी ही मुख्यतः ज्याच्या दारात स्वतःची गाडी नाही त्याची गाडी आहे. तालुक्याच्या कॉलेजात जाणारी मुलगी, ग्रामीण रुग्णालयात रक्तदाबाची गोळी आणायला जाणारी आजी, बाजाराच्या दिवशी कोंबड्या घेऊन निघालेली बाई, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जातपडताळणीच्या फेऱ्या मारणारा तरुण. यात आपल्या वस्त्यांतले लोक किती असतात, हे कोणत्याही सकाळी आठच्या गाडीत चढून पाहावे. तेव्हा एसटीच्या पैशाचे गणित समजून घेणे हे आपले काम आहे.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) ते पुणे ही पहिली एसटी धावली. त्याआधी रस्त्यावर खासगी मोटारवाले होते. गाडी भरली की निघायची, नाही भरली तर नाही. पुढे १९५० साली संसदेने रस्ते वाहतूक महामंडळ कायदा केला आणि आजचे महामंडळ त्याच कायद्याखाली उभे आहे. या कायद्याचे कलम १८ सांगते की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट जुळवलेली प्रवासी सेवा द्यावी. कलम २२ सांगते की महामंडळाने कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. म्हणजे एका कलमाने लोकांना पुरेशी सेवा द्यायची आणि चार कलमांनंतर धंद्यासारखे वागायचे. दोन्ही एकाच वेळी जमावे यासाठी एक युक्ती होती. तिला अर्थशास्त्रात आडवे अनुदान म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणू, की मोठ्या गाडीच्या कमाईवर छोटी गाडी पोसायची.

एक काल्पनिक आगार घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एक बस एक किलोमीटर चालवायला सगळा खर्च धरून ६० रुपये लागतात. लांब पल्ल्याची एक गाडी दिवसाला ६०० किलोमीटर धावते आणि किलोमीटरला ७० रुपये आणते. दिवसाला ६ हजार रुपये वर राहिले. दुसरी गाडी चार गावे आणि दोन वाड्या करत दिवसाला १२० किलोमीटर धावते आणि किलोमीटरला ३५ रुपयेच आणते. दिवसाची तूट ३ हजार. म्हणजे एक लांब पल्ल्याची गाडी गावच्या दोन गाड्या पोसते. ‘गाव तेथे एसटी’ ही घोषणा अनेक वर्षे अशीच उभी राहिली. सरकारकडे रोज हात पसरावा लागत नव्हता आणि शेवटच्या वाडीवर मुक्कामी गाडीही जात होती.

यासाठी एक अट होती. लांबच्या मार्गावर दुसऱ्या कुणी हात मारायचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या सहाव्या प्रकरणात राज्य परिवहन उपक्रमांसाठी मार्ग राखून ठेवण्याची तरतूद आहे, ती याचसाठी. टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत, प्रत्येकाकडून वेगळे तिकीट घेत माणसे चढवणे-उतरवणे, हा राखलेल्या मार्गांवर एसटीचा हक्क. खासगी बसला मिळतो तो कंत्राटी वाहतुकीचा परवाना. लग्नाचे वऱ्हाड, सहल, कंपनीचे कामगार असा एक गट एका कराराने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचा, वाटेत नवा प्रवासी घ्यायचा नाही. आता कोणत्याही जिल्ह्याच्या गावी रात्री नऊ वाजता स्टँडबाहेरच्या रस्त्यावर उभे राहा. ट्रॅव्हल्सचा पोरगा ‘पुणे पुणे पुणे’ ओरडत असतो, ॲपवर एकेका आसनाचे तिकीट विकले जाते, गाडी पुढच्या तीन चौकांत माणसे भरते. कागदावर कंत्राटी वाहतूक, रस्त्यावर टप्पा वाहतूक. हे सगळ्यांना दिसते. परिवहन कार्यालयाच्या तपासणी पथकाला ते दिवाळीच्या आसपास आठ दिवस दिसते.

याला स्पर्धा म्हणतात. पण स्पर्धेत दोघांवर सारखी ओझी हवीत. ट्रॅव्हल्सवाल्याला पहाटेची वाडीवरची फेरी करावी लागत नाही. गर्दी नसलेल्या मंगळवारी तो गाडी उभी ठेवतो किंवा दोन गाड्यांचे प्रवासी एकीत कोंबतो. विद्यार्थ्याचा पास त्याला चालत नाही. एसटीच्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर जातो, तर खासगी बसला आसनांच्या हिशेबाने ठराविक कर असतो. भाडे ठरवण्याचेही तसेच. एसटीला भाडेवाढ हवी तर प्राधिकरणाची मंजुरी लागते. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के वाढ झाली, त्याआधीची ऑक्टोबर २०२१ मधली. ट्रॅव्हल्सचे भाडे सणाच्या दिवशी तासातासाला बदलते. २०१८ च्या शासन निर्णयाने खासगी बसला एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. जाता जाता एक गंमत: एसटीचे भाडे वाढले की ही दीडपटीची मर्यादाही आपोआप वर सरकते.

आता आपल्या काल्पनिक आगाराकडे परत जाऊ. लांबच्या गाडीचे किती प्रवासी ट्रॅव्हल्सने ओढले म्हणजे गावची फेरी मरते? सगळे नाही, निम्मेही नाही. सातातला एक पुरतो. सत्तर रुपयांतला सातवा हिस्सा गेला की किलोमीटरला ६० रुपये उरतात आणि खर्चही ६० च आहे, कारण सहा माणसे असोत की सात, डिझेल तेवढेच जळते. वरकमाई शून्य. गावच्या दोन गाड्यांना पोसणारा हात गेला. त्या गावात ट्रॅव्हल्सची गाडी कधी आलेलीच नाही, तरी गावची फेरी ट्रॅव्हल्समुळे बंद पडली. म्हणून गावकऱ्यांना कारण दिसत नाही आणि राग वाहकावर निघतो. गावातच वडाप किंवा काळी-पिवळी सुरू झाली तर दुसऱ्या बाजूनेही कात्री लागते. जीपवाला एसटीच्या वेळेच्या दहा मिनिटे आधी निघतो. तोही गरीबच असतो, बहुधा कर्ज काढून गाडी घेतलेला, म्हणून त्याला शत्रू समजण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. पण तो सकाळी आणि संध्याकाळी भरलेल्या वेळा घेतो. दुपारी दीडला शाळा सुटलेल्या पाच मुलींसाठी तो येत नाही.

यावर आगार काय करते? फेरी ‘तोट्यात’ म्हणून बंद करते. इथे हिशेबाची एक फसगत आहे. किलोमीटरच्या ६० रुपयांत डिझेल आणि टायर समजा २५ रुपयांचे. बाकी चालक-वाहक, यांत्रिक, वाहतूक नियंत्रक यांचे पगार, आगाराची इमारत, व्याज. फेरी बंद केल्याने वाचतात ते २५. उरलेले ३५ गाडी उभी असली तरी लागतातच. पण फेरी आणत होती ३५ रुपये. म्हणजे ती बंद केल्यावर महामंडळाचा तोटा किलोमीटरमागे १० रुपयांनी वाढला. ती फेरी बंद करणे तेव्हाच फायद्याचे, जेव्हा तीच गाडी जास्त गर्दीच्या मार्गावर लावता येते. नेमके तेच होते, कारण गाड्याच कमी आहेत. कोरोनाच्या आधी महामंडळाकडे १८ हजारांच्या आसपास बस होत्या. नंतर आकडा १५-१६ हजारांवर आला, त्यातल्या अनेक जुन्या. आगार व्यवस्थापकाकडे ५० गाड्यांचे वेळापत्रक आणि ४० चालत्या गाड्या असतील तर दहा कुठून कापायच्या हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. ज्या गावचा आमदाराला फोन जात नाही, तिथून.

आता सरकारी पैशाकडे. ‘सरकार एसटीला अनुदान देते’ या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि त्यामुळेच वाद निरर्थक होतो.

पहिली गोष्ट, सवलतीची भरपाई. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. त्याआधीपासून ६५ वर्षांवरच्यांना निम्मे भाडे, विद्यार्थ्यांच्या पासात दोनतृतीयांश सूट, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास, दिव्यांग, आजारी रुग्ण, अशा तीसच्या आसपास सवलती. शंभर रुपयांच्या तिकिटात बाईने पन्नास दिले तर उरलेले पन्नास राज्य सरकार महामंडळाला देणे लागते. हे एसटीवरचे उपकार नाहीत. सरकारने त्या बाईसाठी विकत घेतलेले अर्धे तिकीट आहे. सवलतीने एसटी बुडाली म्हणणे म्हणजे रेशनच्या धान्याचे पैसे सरकार देते म्हणून दुकानदार बुडाला म्हणण्यासारखे. उलट, सवलतीनंतर बायका मोठ्या संख्येने ट्रॅव्हल्स आणि वडाप सोडून एसटीत परतल्या. अडचण येते ती पैसे उशिरा किंवा तुटक मिळाल्यावर. डिझेल रोज रोखीने लागते, पगार सातला लागतो आणि भरपाई फाईलवर असते. मग हात पडतो कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या आणि उपदानाच्या रकमेवर. त्या थकबाकीचा उल्लेख श्वेतपत्रिकेतही आहे. म्हणजे आजीच्या मोफत प्रवासाला काही काळ उसने पैसे देतो तो वाहक.

दुसरी गोष्ट, पगारासाठीची मदत. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संपलेला संप आठवा. मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. ती मान्य झाली नाही, पण काही वर्षे पगाराचा भार उचलण्याचे राज्याने कबूल केले. त्या संपाच्या काळात सरकारने खासगी गाड्यांना स्टँडवरून प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. संप मिटला तरी त्या महिन्यांत तुटलेले अनेक प्रवासी परत आले नाहीत. तिसरी गोष्ट, नव्या बस घेण्यासाठी आणि स्थानके बांधण्यासाठीचा भांडवली निधी. चौथी उलट दिशेची: प्रवासी कर आणि टोल. एका हाताने देणे, दुसऱ्या हाताने घेणे.

या यादीत काय नाही, ते महत्त्वाचे. गावची फेरी चालू ठेवण्यासाठी म्हणून, फेरीच्या हिशेबाने, सरकार जवळजवळ काहीच देत नाही. पैसा तिकिटामागे मिळतो. जिथे गाडी जाते आणि बाई बसते, तिथे सवलत लागू. जिथे गाडीच जात नाही, तिथल्या बाईच्या अर्ध्या तिकिटाची किंमत शून्य. सवलत कागदावर सर्व महिलांना सारखी आहे, प्रत्यक्षात जिल्ह्याच्या गावाहून मुंबईला जाणाऱ्या नोकरदार बाईला ती दरवेळी शेकडो रुपये देते आणि वाडीवरच्या मजूर बाईला वडापच्या मागच्या फळकुटावर बसवते. आम्ही सवलतीच्या विरोधात अजिबात नाही. पण फक्त तिकिटावर खर्च करणारे सरकार महामंडळाला नकळत एक इशारा देत असते, की गर्दी असेल तिथेच जा.

फेरी विकत घेण्याचे एक उदाहरण आपल्याकडेच आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी निळ्या बस दिल्या गेल्या. बस घेण्याचा पैसा कार्यक्रमाचा, चालवणार एसटी, आणि चालवण्याचा खर्चही कार्यक्रमातून. इथे ‘भारमान किती’ हा प्रश्न दुय्यम होतो, ‘मुलगी शाळेत पोचली का’ हा पहिला. आम्ही ज्या भागात काम करतो तिथे या गाड्या सुट्टीच्या दिवशी किंवा लग्नसराईत दुसरीकडे वळवल्याच्या तक्रारी आम्ही ऐकल्या आहेत, आणि गाडी बिघडली की बदली मिळत नाही हेही पाहिले आहे. तरी तत्त्व बरोबर आहे. सरकारला ज्या फेरीचे मोल वाटते ती तिने उघड हिशेबाने विकत घ्यावी, लांबच्या गाडीच्या कमाईत लपवू नये. कारण ती कमाई आता राहिलेली नाही.

मग खासगीकरणाचे काय? याची दोन रूपे आहेत आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत. एक, रस्त्यावरची स्पर्धा: ज्याला जिथे हवे तिथे बस चालवू द्या. दोन, कंत्राटासाठीची स्पर्धा: मार्ग, वेळ, भाडे सरकार ठरवणार, खासगी कंपनी किलोमीटरच्या दराने फक्त बस आणि चालक पुरवणार. ब्रिटनमध्ये १९८५ च्या कायद्याने २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेर पहिला प्रकार सुरू झाला, लंडनमध्ये दुसरा. लंडनबाहेर कंपन्यांनी गर्दीचे मार्ग उचलले, बाकीचे स्थानिक परिषदांनी निविदा काढून विकत घ्यायचे ठरले आणि परिषदांचा निधी कापला गेला तेव्हा त्या फेऱ्या गेल्या. मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ दरम्यान टप्प्याटप्प्याने बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणात आणली. जवळचे उदाहरण हवे तर मध्य प्रदेश. तिथल्या सरकारने २००५ साली आपले राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. वीस वर्षे खासगी बसवर काढल्यावर एप्रिल २०२५ मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने सरकारी देखरेखीखालच्या नव्या बससेवेला मंजुरी दिली.

दुसऱ्या प्रकाराचा अनुभव मुंबईकर घेत आहेत. बेस्टने २०१९ पासून मोठ्या प्रमाणात भाड्याच्या गाड्या घेतल्या. भाडे कमी झाले, वातानुकूलित गाड्या आल्या, लोक खूश होते. पुढे काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून निघून गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी कामगारांनी पगारासाठी काम बंद केले, आणि बेस्टच्या स्वतःच्या बऱ्याच गाड्या तोवर मोडीत निघाल्या होत्या. थांब्यावर माणसे उभीच. कंत्राट मुळातच वाईट असे आम्ही म्हणणार नाही, लंडनमध्ये ते चालते. पण स्वतःची गाडी नसलेले महामंडळ कंत्राटदारापुढे काय बोलणार?

आणि इथे आपला थेट संबंध येतो. महामंडळाच्या भरतीला आरक्षण लागू आहे. चालक, वाहक, यांत्रिक, लिपिक या पदांवर आपल्या समाजातली हजारो घरे उभी राहिली. कित्येक कार्यकर्त्यांचे वडील एसटीत होते. भाड्याच्या बसचा चालक कंत्राटदाराचा नोकर असतो, तिथे आरक्षण नाही. एक भाड्याची गाडी आली की एक राखीव जागा न बोलता कमी होते, त्यासाठी कुठलाही शासन निर्णय काढावा लागत नाही. १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी प्रमुख आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले होते. ते पुन्हा वाचताना आम्हाला त्यांचा १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आठवतो. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सदस्य होते, तरी स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार झाला नाही. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. कधी टांगा न हाकलेला वस्तीतला माणूस पुढे बसला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. गाडी खासगी असते तेव्हा कुणाला बसवायचे हे मालक ठरवतो. त्या काळी जात पाहून ठरवायचा. आज तो फायदा पाहून ठरवतो, आणि रस्त्यापासून आत, गावकुसापलीकडे असलेली वस्ती या हिशेबातही शेवटीच येते.

काम करण्यासारखे बरेच आहे आणि ते मोर्च्यापेक्षा कागदाचे जास्त आहे. ‘आमच्या गावाला बस द्या’ असे निवेदन दिले की ‘गाड्या उपलब्ध झाल्यावर विचार करू’ असे उत्तर येते. त्याऐवजी माहिती अधिकारात आगाराकडून मागील तीन वर्षांचे आकडे मागा: मार्गनिहाय नियोजित किलोमीटर आणि प्रत्यक्ष धावलेले किलोमीटर, रद्द फेऱ्या व त्यांची कारणे, प्रत्येक फेरीचे भारमान. रद्द होण्याचे कारण ‘गाडी नाही’ किंवा ‘चालक नाही’ असेल, तर ती फेरी प्रवासी नाहीत म्हणून बंद पडलेली नाही, हे आगाराच्याच कागदावर सिद्ध होते. मानव विकासच्या तालुक्यात असाल तर निळ्या बसची नोंदवही वेगळी मागा. कुठल्या दिवशी कुठल्या मार्गावर गेली, शाळेच्या वेळेला पोचली का. हे आकडे घेऊन ग्रामसभेचा ठराव करा आणि त्यात मुलींची नावे न देता संख्या द्या: आठवी ते बारावीच्या किती, कॉलेजच्या किती, त्यातल्या किती जणींनी बस नाही म्हणून शिक्षण सोडले. ठरावाची प्रत विभाग नियंत्रकाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा नियोजन समितीवरच्या सदस्याला द्या, कारण फेरी विकत घेण्यासाठी जिल्ह्याच्या निधीतून तरतूद मागायची ती तिथेच. सणाच्या दिवसांत ट्रॅव्हल्सच्या तिकिटाचा फोटो आणि त्याच मार्गाचे एसटी भाडे शेजारी ठेवून परिवहन कार्यालयात लेखी तक्रार नोंदवा, पोच घ्या. एका तिकिटाने काही होणार नाही. एका तालुक्यातून शंभर पोचपावत्या जमल्या तर त्या घेऊन परिवहन आयुक्तांकडे जाता येते.